त्या हिवाळ्याची वाइन

कल्याणने ग्लास नाकाशी नेला आणि त्याचा हात तसाच थबकला. समोर बसलेल्या त्याच्या थोरल्या बहिणीने, राजेश्वरीने, मात्र आपल्या ग्लासातला घोट सावकाश जिभेवर फिरवला, डोळे मिटले आणि म्हणाली, "मऊ झालीय. वास बी कसा भरून आलाय..."

कल्याण बायकोकडे, पंकजाकडे, पाहतच राहिला. वाइनला भिजून कुजलेल्या पुठ्ठ्याचा वास येत होता. बूच खराब निघाले होते. एखाद्या बाटलीत तसे होतेच. पण आक्काला ते कळू नये? पिंपाशी नुसती वाकून आतली वाइन कुठे बिघडते आहे ते सांगणाऱ्या आक्काला?

सहा वर्षांपूर्वी संगमनेरजवळच्या त्यांच्या बागेत असा काही गारठा पडला होता की द्राक्षे पिकायला महिनाभर उशीर झाला. त्यांची वाइन झाली आंबट, तुरट, अंगावर येणारी. दुसऱ्या वाइनमध्ये मिसळून ती एकदाची संपवावी, असे कल्याणचे म्हणणे. राजेश्वरी म्हणे, हिच्यात दम आहे, हिला तळघरात निजू दे, वर्षे लागतील ती लागोत. शब्दाने शब्द वाढला. वडिलांच्या, आबांच्या, माघारी स्वतःच्या लग्नाचा विचार बाजूला सारून जिने त्याला शिकवले, लहानाचे मोठे केले, तिलाच तो म्हणाला की, तुला माणसांपेक्षा बाटल्या प्याऱ्या आहेत. आणि पंकजाला घेऊन नगरला निघून गेला. तिथल्या नागापूर भागातल्या एका कारखान्यात नोकरी धरली. पुढे आलेल्या मोठ्या साथीत तो मरणाच्या दारात जाऊन परतला, तेव्हा आक्का फिरकलीसुद्धा नाही, हा सल त्याने आजवर उराशी जपला होता.

राजेश्वरी मागे एकटीच राहिली. रोज सकाळी ती तळघरात उतरायची, भिंतीवरचा तापमापक पाहायची, आडव्या निजलेल्या बाटल्यांवरून हात फिरवायची... त्यांच्याशी दोन शब्द बोलायची. दिवसभरात तिच्या तोंडून निघत ते तेवढेच. दर संक्रांतीला एक बाटली उघडून चाखायची. गेल्या चार संक्रांतींना मात्र जिभेला आंबट-तुरट तेवढे कळे, बाकी सारे मुके. चुलीवर दूध करपले तरी धूर दिसेपर्यंत तिला पत्ता नसे. सांगायचे कुणाला? घरात होते कोण... आणि ही वाइन तयार झाली की नाही, हे सांगू शकेल असे दुसरे एकच नाक तिला ठाऊक होते. म्हणून मन घट्ट करून तिने भावाला निरोप धाडला होता, एकदा येऊन चाखून जा.

"आक्का," कल्याण हळूच म्हणाला, "ही बाटली खराब हाय. तुला वास येत न्हाई का?"

राजेश्वरीचा चेहरा उतरला. सर्दी झाली आहे, असे काहीतरी ती पुटपुटली. तेव्हा पंकजाचा बांध फुटला.

"सर्दी न्हाई ती. अहो, तुमी दवाखान्यात हुता, तवा मी घरात तापानं फणफणले हुते. शेजारचं कुनी दार उघडंना. बारा दिवस आक्कांनी उशाशी बसून मला पेज भरवली... मी उठले अन् त्याच पडल्या. तुमी घरी यायच्या आदल्या दिवशी तशाच तापात निघून गेल्या, अन् जाताना, तुमाला सांगायचं न्हाई, अशी माझ्याकडनं शपथ घेतली. त्यात त्यांचं नाक गेलं, हे मला बी आजच कळतंय."

"का, आक्का?" कल्याणने विचारले.

राजेश्वरी जमिनीकडे पाहत म्हणाली, "उपकार फेडायला आला असतास तू. मला भाऊ पायजे हुता."

कल्याण खाली बसला आणि त्याने तिच्या गुडघ्यांवर डोके टेकले. हुंदक्यांनी गदगदणाऱ्या त्याच्या पाठीवरून ती कितीतरी वेळ हात फिरवीत राहिली...

मग तो उठला, स्वतः तळघरात जाऊन दुसरी बाटली घेऊन आला. बूच काढले, ग्लास नाकाशी धरला. राजेश्वरी श्वास रोखून त्याचा चेहरा वाचू लागली.

"सांग," ती म्हणाली.

"आदी सुकवलेली जांभळं..." तो थांबला. त्याचे डोळे पुन्हा भरून आले. "अन् मागनं आबांची तंबाखू, आक्का. त्यांच्या कोपरीच्या खिशातली, तश्शी."

राजेश्वरीने घोट घेतला. एके काळचा तो करकरीत तुरटपणा आता जिभेवरून मखमलीसारखा उतरत होता.

"आनखी?" तिने विचारले.

कल्याणने पुन्हा ग्लासात नाक घातले आणि आठवून आठवून, एकेक वास तो तिला सांगत राहिला. पंकजा उठली आणि तिघांपुरता भात लावायला आत गेली.