जास्तीची रद्दी

त्वरा करा. साठा मर्यादित.

असं छापलेला एक ओला कागद छापखान्याच्या मागच्या दारातून वाऱ्यानं उडाला आणि नेमका रद्दीवाल्याच्या तोंडावर जाऊन चिकटला. छपाई करणारी मुलगी मागोमाग धावली, तोवर त्याचा गाल निळा झाला होता.

“हसू नका,” तो म्हणाला. “कसली जाहिरात चिकटली, ते तरी सांगा.”

“गाद्यांची.”

“मग बरं. झोप चांगली लागेल.”

त्याला लागली की नाही, कोण जाणे. तिची मात्र उडाली.

घरोघरी टपालानं जाणारी पत्रकं ती छापायची. रंग जुळेपर्यंत सुरुवातीचे कागद वाया जातात, तेवढे जातातच. ते न्यायला तो टेम्पो घेऊन यायचा – ढीग साचला की. म्हणजे… ढीग साचला तरच.

मग तिच्या यंत्राचा लाल काही केल्या जुळेना. पिवळा फिका वाटू लागला. अजून थोडे कागद… अजून थोडे…

“पुन्हा एवढी रद्दी?” सुतळी आवळत तो विचारी.

“हवा दमट आहे.”

“हो का? माझा तर घसा कोरडा पडलाय.”

“पाणी आणू?”

“नको. त्यातही रंग जुळवत बसाल.”

ती आत पळाली. पाणी घेऊन आली. अर्धं वाटेतच सांडलं होतं.

आजचा शेवटचा दिवस. संधी दवडू नका.

छापखाना तिच्या मामांचा. मामा म्हणाले, “डोळे बिघडलेत की हात, पोरी? एवढी रद्दी होते, तर उद्यापासून कागद गिरणीची मोठी गाडीच येईल. त्या पोराला सांगून टाक.”

आपल्याच हातानं आपल्याच पायावर धोंडा. तिनं यंत्र बंद केलं, चालू केलं, पुन्हा बंद केलं. दारात टेम्पो थांबला.

“उद्यापासून येऊ नका,” ती म्हणाली. “गिरणीची गाडी येणार आहे. रद्दी फार होते म्हणून.”

“मग कमी करायची होती.”

“कमी केली असती, तर तुम्ही आठवड्यातून एकदाच –”

जीभ चावेपर्यंत उशीर झाला होता.

त्यानं गठ्ठ्यातला एक कागद ओढून उजेडात धरला. “यातले निम्मे चांगले असतात. मला केव्हाच कळलं होतं.”

“मग बोलला का नाहीत?”

“बोललो असतो, तर तुमचे रंग जुळले असते.”

ती वळली ती तडक मामांच्या टेबलाशी. “मामा, कागद मी मुद्दाम खराब केले. हे यावेत म्हणून.”

मामांनी चष्मा काढला. तिच्याकडे पाहिलं, दारातल्या त्याच्याकडे पाहिलं. “म्हणजे गिरणीच्या गाडीला नको म्हणू?”

“येऊ दे ती,” ती म्हणाली. “हे यायचे असतील, तर रिकाम्या हातानं येतील.”

दारातून हळूच विचारणा झाली, “किती वाजता येऊ?”