तेवढीच गोळी

"माझ्या दादाला मी मारलं का, एवढंच शोधून द्या," असं म्हणतच ती आत आली. बसली नंतर.

बाईंचा व्यवसाय खासगी तपासाचा. सोबतीला मास्तर, चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. मास्तरांना प्रत्येक प्रकरणात गुन्हेगार पहिल्याच दिवशी सापडतो आणि दरवेळी तो भलताच निघतो. तरी बाई त्यांना सोडत नाहीत, कारण त्यांच्याशी बोलताना बाईंचं डोकं चालतं.

बाई तिच्याकडे बघत होत्या. तान्ह्या बाळाची आई, डोळ्यांखाली काळं, पदर उलटा खोवलेला. तिच्या थोरल्या भावाला तरुणपणापासून कानात आवाज ऐकू यायचे. एका गोळीनं ते गप्प झाले आणि गेली कित्येक वर्षं तो घराखालच्या कारखान्यात फोटोंच्या चौकटी बनवत होता. मागच्या आठवड्यात जिन्यात त्याला फिट आली, तो कोसळला आणि गेला. रक्तात त्या गोळीचं औषध हवं त्याच्या दुपटीहून जास्त निघालं.

"गोळ्या मीच द्यायचे," ती म्हणाली. "बाळामुळे झोप नाही. गुंगीत दोनदा दिल्या असतील का? पोलिसांना तसंच वाटतंय. आमच्या ह्यांनाही."

"आणि तुम्हाला?"

"मला आठवतच नाही हो."

हे ती अगदी हळू बोलली.

कोपऱ्यावरचा औषधवाला म्हणाला, "गोळी तीच, कंपनी तीच. उरलेल्या गोळ्या पोलिसांनी माझ्यासमोरच मोजल्या. जितक्या उरायला हव्यात तितक्याच."

"दुसऱ्या दुकानातून आणल्या असतील," मास्तर म्हणाले.

"ही गोळी डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय कुणी देत नाही. आणि अलीकडे तो माझ्याकडे यायचा तो पेपरमिंटसाठी. खिसे भरभरून न्यायचा."

बहिणीचा नवरा कारखान्यात चौकटीला खिळे मारत होता. त्यानं हातोडी बाजूला ठेवली.

"मेहुणा गुणी होता. पण शेवटी शेवटी कामाची पार वाट लागली होती. बसल्या जागी पेंगायचा, तोंडातून लाळ गळायची, हात मधूनच झटका बसल्यासारखा उडायचा. ही काच बघा, कशी तिरकी कापलीय. मी नको ते बोललो त्याला."

"आणखी काही बदललं होतं?"

"साबण पुरत नव्हता. दोन-दोनदा आंघोळ, शर्ट रोजचा रोज धुवायचा. मग वर जाऊन पाळण्यापाशी उभा राहायचा, हात पाठीमागे बांधून."

बाई मागच्या दारी गेल्या. पायरीजवळची भिंत एका जागी डोक्याच्या उंचीवर तपकिरी पिवळी पडली होती. खाली एक पत्र्याचा डबा, घासून लख्ख केलेला. त्यात बारीक खिळे होते.

"ही त्याची बसायची जागा," नवरा मागून म्हणाला.

परतताना मास्तर कुजबुजले, "नवराच. काचेवरून किती चिडला होता."

"चिडून माणसं मरत असती तर तुमच्या शाळेत वर्ग रिकामे पडले असते, मास्तर."

बाईंनी भावाच्या डॉक्टरांना एक फोन केला आणि संध्याकाळी नवरा-बायकोला कारखान्यात बोलावलं. बाळ आईच्या मांडीवर झोपलं होतं.

"एकही गोळी जास्त गेलेली नाही," बाईंनी सुरुवात केली. "गोळ्या मोजून बरोबर आहेत आणि बाहेरून मिळत नाहीत. तरी औषध दुप्पट. म्हणजे आत जास्त गेलं नाही, आत गेलेलं संपत नव्हतं. पेंग, लाळ, हाताचे झटके, ही सगळी औषध साचत चालल्याची लक्षणं. कुणाला ती कळली नाहीत."

"पण साचलं का?" मास्तरांनी विचारलं.

"ती भिंत धुरानं पिवळी झालीय. तो डबा राखेचा होता, आता त्यात खिळे आहेत. खिशात पेपरमिंट. रोज धुतलेले शर्ट. त्यानं सिगारेट सोडली होती. तंबाखूच्या धुरानं यकृत हे औषध भराभर संपवतं. डॉक्टरांनी डोस ठरवला तो दिवसभर ओढणाऱ्या माणसाचा. धूर थांबला आणि तेवढीच गोळी त्याला जड झाली. मेंदू शांत करणारं औषध मेंदूत साचलं आणि फिट आली. सोडण्याआधी डॉक्टरांना सांगायला हवं होतं, पण ते त्याला कुणी बजावलं नव्हतं. डॉक्टरांनी फोनवर ते कबूल केलं."

नवऱ्यानं बायकोच्या खांद्यावर हात ठेवला. "मला माफ कर," तो म्हणाला. मग त्याला राहवलं नाही. "पण त्यानं सोडली कशी? मी वर्षानुवर्षं सांगून थकलो."

बाई बहिणीकडे बघत राहिल्या. काही प्रश्न विचारून बाईंना स्वतःचाच राग येतो. हा त्यांनी म्हणूनच स्वतःहून विचारला नव्हता.

"मी सांगितलं होतं," ती म्हणाली. "तो बाळाला घ्यायला आला की म्हणायचे, तुझ्या अंगाला सिगारेटचा वास येतो, बाळाला त्रास होईल." तिनं बाळाला जवळ ओढलं. "वास नव्हता हो कारण. मला भीती वाटायची. पुन्हा आवाज आले आणि त्याच्या हातात बाळ असलं तर? सख्ख्या भावाला हे कसं सांगू? म्हणून वासाचं निमित्त केलं."

"आणि त्यानं सोडल्यावर?" मास्तरांनी विचारलं.

"म्हटलं, अजून येतोय."

तिनं मान वर केली. "बाई, खरं सांगा. मी त्याला घाबरते, हे त्याला कळलं असेल?"

"नाही," बाई म्हणाल्या. "कळलं असतं तर तो सिगारेट सोडून बसला नसता. त्याचा तुमच्या शब्दावर विश्वास होता."

तेव्हा ती पहिल्यांदा रडली. मास्तरांनी पुढे होऊन बाळाला घेतलं आणि ते दाराबाहेर जाऊन उभे राहिले.