डावीकडची सीट

रविवारी सकाळी नऊ वाजता दहिवलीच्या मैदानात सात मैना उभ्या होत्या. मैना म्हणजे पाखरू नव्हे. चाळीस वर्षांपूर्वी रस्त्यावर आलेली आणि पुढे कंपनीने बंद करून टाकलेली छोटी मोटार. कर्जत-खालापुरात तिचे वेडे अजून शिल्लक आहेत. महिन्यातून एकदा जमतात, एकमेकांच्या गाड्यांची बॉनेटं उघडतात आणि गुण देतात. नियम एकच, कंपनीतून जशी निघाली तशीच पाहिजे. बाहेरचा स्क्रू दिसला की एक गुण गेला, नवा आरसा असला की दोन गेले. कारखान्यात शंभर माणसांवर हुकूम चालवणारे लोक त्या दोन गुणांसाठी रडकुंडीला येतात. याला हौस म्हणतात.

या हौशी लोकांत पोशीरचा नरेश पहिल्या नंबरचा. भिवपुरीच्या वीजघरात इलेक्ट्रिक फिटर, हात सोन्याचा, तोंड तिखट. वीज कारणाशिवाय काही करत नाही, हे त्याचं आवडतं वाक्य. त्याची पिवळी मैना तीन वर्षांपूर्वी पळसदरीच्या वळणावर झाडावर आदळली होती. चालवत नरेशच होता. डाव्या सीटवर त्याचा थोरला भाऊ सुमित होता, तो जागीच गेला. नरेशने आठ महिन्यांत गाडी पुन्हा होती तशी उभी केली. पत्राही त्याच मॉडेलचा शोधून आणला. लोकांनी त्याला पूर्ण गुण दिले, वर टाळ्याही वाजवल्या.

त्या रविवारी मैदानात आठवी गाडी आली. नवी मैना, बॅटरीवर चालणारी. कंपनीने जुनं नाव पुन्हा बाजारात आणलं होतं आणि पनवेलच्या शोरूमचा किशोर ती दाखवायला घेऊन आला होता. झालं, वाद पेटला. एकजण म्हणाला, दिवे तेवढे गोल ठेवलेत, बाकी सगळी फसवणूक. दुसऱ्याने विचारलं, पेट्रोलचा वासच नाही तर मैना कसली? दहिवलीत गॅरेज असलेला शब्बीर मात्र गाडीभोवती फिरून खूश होता. जुनीला दर पावसाळ्यात धक्का मारून मारून त्याची कंबर गेली होती.

"हिच्यात गाडी कुठाय रं? चार चाकांचा मोबाईल हाय हा," नरेश म्हणाला.

"तुझी रोज कण्हते, तरी तिला तू बायकोसारखी जपतोस," शब्बीर म्हणाला. "ही निदान माणूस तरी वाचवंल."

हे वाक्य नरेशला बोचलं, पण तो हसला. कारण पौर्णिमा तिथेच उभी होती.

पौर्णिमा म्हणजे सुमितची बायको, खालापूरकडच्या शाळेत शिक्षिका. अपघातानंतर या मैदानात ती पहिल्यांदाच आली होती. तिला नवी मैना बुक करायची होती, आणि कारण फक्त एक होतं. या गाडीत बेल्ट लावला नाही तर गाडी गप्प बसत नाही.

जुन्या मैनेला मुळात बेल्ट नव्हतेच. पौर्णिमाने हट्ट करून शब्बीरकडून नरेशच्या गाडीत दोन बसवून घेतले होते, कारण सुमित रोज त्याच गाडीतून खोपोलीला कामाला जायचा. सुमित नेमाने बेल्ट लावायचा. आणि ज्या दिवशी मेला, त्याच दिवशी लावला नव्हता. निदान नरेशने तिला तसं सांगितलं होतं. एवढं सांगूनही ऐकलं नाही, याचा राग पौर्णिमाच्या मनात असा घट्ट बसला की घरात बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी लावलेल्या सुमितच्या फोटोकडे ती तीन वर्षं मान वर करून बघत नव्हती.

खरं काय ते नरेशला माहीत होतं. त्या सकाळी खोपोलीत स्पर्धा होती. बेल्ट दिसले असते तर चार गुण गेले असते. म्हणून आदल्या दिवशी त्याने दोन्ही बेल्ट काढले आणि भोकांना रबरी बुचं लावली. सुमित गाडीत बसला. सवयीने त्याचा हात खांद्यावरून मागे गेला आणि रिकामा परत आला.

"नऱ्या, पट्टा कुठाय रं?"

"संध्याकाळी परत लावतो, दादा. आजच्या दिवस बस."

गाडी दुरुस्तीला आली तेव्हा शब्बीर एकदाच बोलला होता. "ती बुचं मी लावली नव्हती, नरेश." त्यानंतर त्याने तो विषय काढला नाही. नरेशनेही नाही.

किशोरने चावी पुढे केली. नरेश नाक मुरडत नव्या मैनेत बसला. दार लागलं आणि गाडी टुं-टुं करायला लागली. समोरच्या पडद्यावर डावीकडच्या सीटचं चित्र लाल झालं होतं.

"बाजूला पिशवी ठेवलीय का?" किशोरने विचारलं. सीटवर वजन असलं की ती बेल्ट मागते, हे त्याने सगळ्यांना समजावून सांगितलं.

सीट रिकामी होती.

नरेश उतरला. आवाज थांबला. किशोर बसला, गाडी गप्प. शब्बीर बसला, तरीही गप्प. नरेश पुन्हा बसला. टुं-टुं.

"तुझ्यावर रुसली," कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. शब्बीर हसला नाही. नरेशने सीटखाली हात घालून वायर चाचपली. जोड पक्का होता, कुठे ओल नव्हती. सेन्सर खराब आहे, असं तो मोठ्याने म्हणाला. गरजेपेक्षा जरा जास्तच मोठ्याने.

तेवढ्यात किशोरला शोरूममधून फोन आला. पळसदरीपर्यंत जाऊन या, असं त्याने फोनवर हात ठेवून सांगितलं. पौर्णिमा मागे बसली. ती आता पुढे बसत नसे. नको म्हणावं असं नरेशला वाटलं, पण सात जणांसमोर काय कारण देणार होता?

खोपोली रस्त्याला लागेपर्यंत आवाज चालूच राहिला. भातं कापून झाली होती, शेतांत पेंढ्यांच्या उडव्या रचलेल्या होत्या, उन्हात सगळं पिवळंधमक दिसत होतं. इंजिनाचा आवाज नसल्याने ती टुं-टुं थेट कवटीत ऐकू येत होती.

"लावून टाका की तो बेल्ट, भावजी," पौर्णिमा मागून म्हणाली.

नरेशने गाडी हळू केली, डावीकडे वाकून रिकाम्या सीटचा बेल्ट ओढला आणि खाचेत अडकवला. आवाज थांबला. त्याने श्वास सोडला.

पट्टा सीटला टेकला नव्हता. पाठीपासून वीतभर पुढे होता, ताणलेला.

नरेशने नजर रस्त्यावर ठेवली. नवा आहे, कडक असेल, असं त्याने स्वतःला बजावलं.

वळण आलं. ते झाड अजून होतं. बुंध्याची साल जिथे निघाली होती तिथे आता काळा डाग होता.

"एक विचारू का?" पौर्णिमाचा आवाज शांत होता. "त्या दिवशी ह्यांनी खरंच बेल्ट लावला नव्हता?"

"नाही लावला, वहिनी."

खट्.

बेल्ट सुटला होता. टुं-टुं.

नरेशने गाडी कडेला घेतली. बेल्ट पुन्हा अडकवला. लाल बटणाजवळ कोणाचाही हात नव्हता. त्याचा नव्हता आणि वहिनीचाही नव्हता, तिचे दोन्ही हात मांडीवरच्या पर्सवर होते.

"मी किती वेळा सांगितलं होतं," ती म्हणाली. "मग का नाही लावला?"

"घाई होती त्याला. विसरला असंल."

खट्.

या वेळी पट्टा मागे गेला नाही. तो तसाच ताणलेला राहिला आणि त्याचं लोखंडी टोक खाली सरकत सीटच्या कडेला आलं. तिथे ते प्लॅस्टिकवर आपटायला लागलं. जरा डावीकडे, जरा उजवीकडे. टिक. टिक. अंधारात कुलूप चाचपावं तसं. खाच दोन बोटांवर होती आणि त्याला ती सापडत नव्हती.

पौर्णिमा पुढे वाकली. ती किंचाळली नाही. ते टोक ती बघत राहिली.

"हे असेच शोधायचे," ती हळूच म्हणाली. "चष्मा नसला की."

टिक. टिक. टिक.

"मी काढले होते," नरेश म्हणाला. "दोन्ही पट्टे. गुणांसाठी. त्याने मागितला होता, वहिनी. मी दिला नाय."

टोक थांबलं.

मग सरळ खाचेत गेलं. खट्.

गाडीत आवाज राहिला नाही.

"तीन वर्षं मी त्यांच्याकडे बघितलं नाही," पौर्णिमा म्हणाली. एवढंच. मग, "गाडी वळवा."

मैदानात परत आल्यावर ती उतरली आणि पुढचं डावं दार उघडून बाजूला उभी राहिली, आजारी माणसाला उतरायला वेळ द्यावा तशी. किशोर फॉर्म घेऊन पळत आला. अडकलेला बेल्ट बघून त्याने लाल बटण दाबलं. दोन्ही अंगठ्यांनी दाबलं. बेल्ट सुटेना.

"कापावा लागंल," शब्बीर म्हणाला.

"कापू नका," पौर्णिमा म्हणाली. मग ती वाकली आणि एका बोटाने बटण दाबलं. बेल्ट सुटला आणि सावकाश, कोणाच्या तरी अंगावरून सरकत जावा तसा, मागे गेला. नरेशकडे न बघता ती फाटकाकडे चालू लागली. चालताना ती डाव्या बाजूला एका माणसाची जागा सोडत होती.

नरेशने कोणाचा निरोप घेतला नाही. त्याची पिवळी मैना कडेला उभी होती. तिच्यात बेल्ट नाही, पडदा नाही, वाजायला भोंग्याशिवाय काही नाही. पूर्ण गुणांची गाडी. तो आत बसला, दार ओढलं, काच वर केली. आत सगळं जसंच्या तसं होतं. चावी फिरवण्याआधी, का कोण जाणे, त्या दिवशी सुमितचा गेला होता तसा त्याचा उजवा हात खांद्यावरून मागे गेला.

या वेळी तो रिकामा परत आला नाही.