बुधवारचा आघात

दर बुधवारी तिसऱ्या तासाला सातवीच्या वर्गावर संकट कोसळायचं, तेही वेळापत्रकात लिहून. कधी सहल रद्द व्हायची, कधी शाळाच बंद पडायची. मागच्या बुधवारी मुख्याध्यापक कमते सरांनी ध्वनिवर्धकावरून गणिताच्या बाईंना चक्क देवाघरी धाडलं होतं. बाई तेव्हा शेजारच्या वर्गात दशांश शिकवत होत्या.

याला म्हणायचं आघात-सराव. प्रत्येकाच्या मनगटावर मनपट्टी असे. नाडी आणि घाम मोजून ती मन खवळलं की तांबडी होई, निवळलं की हिरवी. वाईट बातमी पचवून जो वर्ग आधी हिरवा होईल, त्याला ढाल. घरीदारी गुणांसाठी पोरांचा जीव नकोसा करायचा आणि पट्टी पोरांनाच बांधायची! रोग रेड्याला, औषध पखालीला. वर्गशिक्षिका शर्वरी खोतबाईंना या थेराची शिसारी यायची. पण नोकरी टिकवायची होती, म्हणून त्याही पट्टी बांधून टाळ्या वाजवत.

त्या बुधवारी ध्वनिवर्धक खरखरला. "तेजल मगदूम, तुझ्या वडिलांच्या कारखान्यात बॉयलर फुटला आहे. त्यांची प्रकृती गंभीर आहे."

तेजलची पट्टी तांबडी झाली. तिनं डोळे मिटले, शिकवल्याप्रमाणे सावकाश श्वास सोडला. पट्टी हिरवी. वर्गानं टाळ्या वाजवल्या, खोतबाईंनीही.

मग त्यांचं दाराकडे लक्ष गेलं. तिथं तेजलचा काका उभा होता, शर्टाची बाही जळालेली. खरी बातमीसुद्धा या महाभाग सरांनी सरावाच्या तासाला ध्वनिवर्धकावरूनच दिली होती! आयती संधी सोडतील कशी?

"तेजल, ऊठ बाळा. हे खरं आहे."

"हो बाई," ती समजूतदारपणे म्हणाली. बाई प्रत्येक सरावात हेच म्हणत. तसा नियमच होता.

"दादा लई भाजलाय गं," काका हुंदके देत म्हणाला. "तुझंच नाव घ्यायलाय. डॉक्टर म्हणत्यात, लगेच आणा पोरीला. चल की!"

तेजल जागची हलली नाही. जागा सोडली की वर्गाचे गुण जात. खोतबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं आणि पोरांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

"गप्प बसा!" बाई किंचाळल्या.

कमते सर धावत आले. "बाई, आवाज खाली. तुमचीच पट्टी तांबडी झालीय. मुलांवर काय परिणाम होईल?"

"झालाय परिणाम. बघा डोळे उघडून!" बाईंनी स्वतःची पट्टी ओरबाडून कचऱ्याच्या डब्यात टाकली, तेजलचा दंड धरला आणि तिला जवळजवळ ओढतच फाटकापर्यंत नेलं.

रडता रडता काकाला स्कूटरला किल्ली लावता येईना. मागे बसलेल्या तेजलनं त्याची पाठ थोपटली. "काका, हळू श्वास घ्या. सगळं निवळतं."

मग बाईंच्या कानाशी वाकून ती कौतुकानं कुजबुजली, "काका किती छान करतायत ना? अगदी खरं वाटतं."

स्कूटर वळणावर दिसेनाशी झाली. खोतबाई फाटकाला धरून उभ्या राहिल्या. बापानं हाक मारली, तर निदान ती तरी या पोरीला खरी वाटेल का?