तीस दिवसांची मुदत

सर्व्हर रूमचं दार उघडलं तेव्हा कंपनीतली प्रोग्रॅमर, सगळ्यांची 'ताई', कपाटाला टेकून बसल्यासारखी दिसत होती. डोक्याची मागची बाजू चेचून गेली होती. शेजारी आग विझवायचं लाल सिलिंडर पडलं होतं. त्याच्या बुडाला केस चिकटले होते.

इन्स्पेक्टर बाईंनी वीस वर्षांत बरंच पाहिलं होतं. त्यांनी आधी दाराची नोंद मागवली.

ऑफिसच्या दाराच्या नोंदीनुसार सकाळी साडेनऊपर्यंत तिघंच आले होते. ताई, तिच्या जोडीचा प्रोग्रॅमर 'दाढी' आणि दोघांचे साहेब. नऊ वीसला दाढीच्या पासवर्डने ताईचं खातं डिलीट झालं होतं. प्रेत सापडलं पावणेदहाला.

"म्हणजे ती मेल्याचं याला आधीच ठाऊक होतं," हवालदाराने बेडी बाहेर काढली. दाढी मागे सरकला. घरी बायकोला नववा महिना लागला होता.

"काल तुमची जुंपली होती म्हणे?" बाईंनी विचारलं.

"हो मॅडम, कामावरून. नोकरी सोडून गेलेल्यांची खाती आपोआप काढणारा जावा भाषेतला प्रोग्रॅम आम्ही लिहिला. आज दहाला पहिल्यांदा आपोआप चालणार होता. एखादं खातं हाताने काढलं तरी ते यातूनच जातं."

"त्यात भांडण कसलं?"

"मी म्हणत होतो, लगेच पुसू. काल सकाळी साहेबांना दाखवलं तेव्हा तसंच होतं. ताई म्हणाली, चुकून भलत्याचं गेलं तर? आधी नुसतं लपवायचं, तीस दिवसांनी पुसायचं. तिच्यापुढे कुणाचं काय चालतंय! साहेब घरी गेल्यावर मी तसं बदललं."

"पासवर्ड आणखी कुणाकडे?"

"मी सुट्टीवर असताना साहेबांनी फोनवर मागितला होता. नंतर बदलायचा राहिला."

साहेब दारातच उभे होते. "अख्ख्या मजल्याने यांचं भांडण ऐकलंय. बेड्या घाला आणि मोकळे व्हा!"

"घालू की," बाई म्हणाल्या. "खुन्याला ताईच्या खात्यातले मेसेज कायमचे घालवायचे असणार, म्हणून त्याने खातं उडवलं. पण तसं करून आज काहीच पुसलं जाणार नाही, हे दाढीला पक्कं माहीत होतं. स्वतःच्या पासवर्डने हा फुकटचा खटाटोप तो कशाला करेल? लगेच पुसलं जातं असं समजणारा इथे एकच आहे. ज्याने फक्त काल सकाळचं काम पाहिलं. दाढी, आणा ते खातं परत."

दाढीने खातं परत आणलं. पडद्यावर ताईचा मेसेज उमटला. "साहेब, गेलेल्या अकरा जणांच्या खात्यांतून तुम्ही ग्राहकांची माहिती बाहेर पाठवताय. दहाच्या आत तुम्ही वर सांगा, नाहीतर मी सांगते."

खाली साहेबांचं उत्तर होतं. "नऊला सर्व्हर रूममध्ये ये."

साहेबांनी खुर्ची उचलली आणि दाढीच्या डोक्यात हाणली. दुसरा घाव बसायच्या आत बाईंची काठी त्यांच्या मनगटावर उतरली. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. हवालदाराने गुडघा पाठीत रोवून त्यांना बेडी घातली.

दाढी जमिनीवर बसला होता. कपाळावरचं रक्त डोळ्यात उतरत होतं आणि तो लहान मुलासारखा रडत होता.

"मॅडम, काल तिने माझं ऐकलं असतं तर आज ते मेसेज पुसले गेले असते आणि बेडी माझ्या हातात..."

"नाही ना ऐकलं," बाईंनी त्याच्या हातात रुमाल दिला. "आधी बायकोला फोन करा."