झेंड्यापासून फाटकापर्यंत

ओंकार पहिल्यांदा दिसला तेव्हा त्याच्या हातात चष्म्याची डबी होती, आणि मी त्याच्यापासून दहा पावलांवर ग्लायडर थांबवून घामाघूम बसले होते.

उतरायचं होतं झेंड्यापाशी. आमच्या क्लबची धावपट्टी आनंद नगरच्या बरीच पुढे, रायसेन रस्त्यावरून आत आहे. तिच्या एका टोकाला लाल झेंडा, दुसऱ्या टोकाला फाटक. मी झेंडा मागे टाकला, अख्खी धावपट्टी मागे टाकली आणि थेट फाटकाशी थांबले. मागच्या सीटवरून मला शिकवणारे सुधाकर सर उतरले. ओंकारने आणलेला नवा चष्मा त्यांनी घातला, लांबवरच्या झेंड्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "वा. किती लांब आलोय ते आता अगदी स्वच्छ दिसतंय."

मग ते हात मागे बांधून चालू लागले. क्लबचा नियमच आहे: ज्याने लांब उतरवलं, त्याने ढकलत परत न्यायचं. ग्लायडरला इंजिन नसतं. एकाने नाकापाशी ढकलायचं आणि दुसऱ्याने पंखाचं टोक धरून चालायचं, म्हणजे पंख जमिनीला टेकत नाही.

"पंख धरा," मी ओंकारला म्हटलं.

"अहो, मी तर फक्त चष्मा द्यायला आलोय. दुकान खोलायचंय मला."

"मग लवकर धरा."

त्याने धरला. आमच्यामध्ये आठ पावलांचा पंख, त्यामुळे जे बोलायचं ते ओरडून. जवाहर चौकात त्याचं चष्म्याचं दुकान आहे, आजोबा ग्वाल्हेरहून आले, हे त्याने ओरडून सांगितलं. माझे बाबा नागपूरचे, सरकारी नोकरीत, आम्ही तुलसी नगरच्या क्वार्टरमध्ये राहतो, हे मी ओरडून सांगितलं. झेंडा आला तेव्हा त्याने विचारलं, हे दर रविवारी असतं का? पुढच्या रविवारी तो क्लबचा फॉर्म भरत होता.

हिवाळाभर असंच चाललं. मी लांब उतरायची, ओंकार फाटकाशी येऊन पंख धरायचा. अहो-जाहो कधी गळून पडलं कळलंही नाही. मोठ्याने सांगण्यासारखं सगळं सांगून झालं… राहिलं होतं ते ओरडून सांगण्यासारखं नव्हतं.

मार्चचा शेवटचा रविवार आला. उद्यापासून क्लब बंद, तो थेट पावसाळा संपल्यावर उघडणार. सरांची अट साधी होती: सकाळी त्यांच्याबरोबर दोनदा झेंड्यापाशी उतरवायचं, मग तिसऱ्यांदा एकटीने. मी रात्रीच ठरवून टाकलं होतं, आज म्हणजे आजच. आधी एकटीने उडायचं, आणि मग ओंकारशी बोलायचं.

"आज तू झेंड्यापाशी थांबायचंस," मी त्याला बजावलं.

"बघतो," तो चष्मा पुसत म्हणाला.

"बघतो नाही. थांबायचंस."

दोनदा नीट उतरवलं. सर उतरले, रिकाम्या सीटचे पट्टे आवळून बांधले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. ओंकारने पंख उचलून सरळ धरला. ग्लायडरला वर खेचणारा दोर ताणला गेला, ओंकार पंखाबरोबर चार पावलं धावला, आणि मी वर होते.

दोर सुटला की इतकं शांत होतं… फक्त वाऱ्याची बारीक शीळ. खाली कापलेल्या गव्हाची शेतं, त्यांच्यावर एक घार गिरक्या घेत होती. मी तिच्या मागोमाग वळले, तर सीट हलकेच वर ढकलली गेली. तापलेली हवा मला वर उचलत होती. एक फेरी, दोन, चार. मागे टोकायला कुणी नव्हतं. मी एकटीच हसले.

मग खाली पाहिलं. ओंकारचा निळा शर्ट झेंड्यापासून निघाला होता आणि सावकाश फाटकाकडे चालला होता.

राग आला. खरं सांगते, रडूही आलं. मी लांबच उतरणार, असं त्याने गृहीतच धरलं होतं तर! मी ओढणीने डोळे पुसले. जा म्हटलं, थांब तिथे दिवसभर.

वळण घेतलं, वेग पाहिला, ब्रेकचा दांडा ओढला आणि हात अजिबात हलू दिला नाही. चाक टेकलं, गवत खरखरलं. ग्लायडर थांबलं तेव्हा झेंड्याची सावली पंखावर पडली होती. सरांनी झेंड्यापर्यंतची पावलं मोजली. चार. मग क्लबच्या रिवाजाप्रमाणे माझ्या डोक्यावर बादलीभर गार पाणी ओतलं, आणि मी तशीच निथळत फाटकाच्या दिशेने निघाले.

तो पळत येत होता. धावपट्टीच्या मध्यावर आम्ही समोरासमोर आलो.

"एवढाच विश्वास होता माझ्यावर?"

"तू झेंड्यापाशीच उतरणार, पक्कं माहीत होतं," तो धापा टाकत म्हणाला. "पण आज शेवटचा रविवार… वाटलं, चुकून लांब उतरलीस तर एकदा अजून सोबत चालत येऊ. तू चुकावीस असं वाटलं मला, ऋतुजा. सॉरी."

त्याने खिशातून चष्मा पुसायचं तळहाताएवढं फडकं काढलं आणि मला चेहरा पुसायला दिलं. बादलीभर पाण्याला एवढंसं फडकं. माझा राग तिथेच संपला.

"ओंकार, डिसेंबरपर्यंत मी खरंच चुकत होते," मी म्हटलं. "जानेवारीपासून नाही."

त्याला समजायला वेळ लागला. मग तो कानापर्यंत लाल झाला.

"मला तू आवडतोस," मी म्हटलं. "पंखाच्या त्या टोकापर्यंत हे ओरडून सांगता येत नव्हतं."

"मलाही…" तो म्हणाला.

आम्ही झेंड्याकडे निघालो. थोडं चालल्यावर माझ्या लक्षात आलं, हा सवयीने आठ पावलं लांबूनच चालतोय.

"इकडे ये," मी म्हटलं. "आज पंख नाही धरायचा."

तो आला. त्याने माझा ओला हात हातात घेतला, आणि तिथून पुढे आम्ही अगदी हळू बोललो.