हनुवटीवरचा ठिपका

शेवटी तो सुटला आणि आमचं लग्न झालं. हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा. नाहीतर मला पुढे नीट घाबरता येणार नाही.

तर, लग्नबिग्न काही झालेलं नाही. देशावर परक्यांचं राज्य आहे. मी मामाच्या छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवते आहे, आणि ज्या खोक्यावर बसले आहे त्यात बंदी घातलेल्या एका कवितेचं जुळवलेलं पान आहे. सापडलं तर मामा फासावर. म्हणून मी उठतच नाही. मामाने सगळ्यांना सांगून ठेवलंय, पोरीची कंबर धरलीय.

एके दिवशी एक तरुण चुकून मागच्या दाराने आत शिरला आणि थेट माझ्या खोक्याला अडखळला.

"लागलं का हो?"

"थोडं... जड आहे. काय आहे आत?"

"बायकांच्या खोक्यात काय असतं ते विचारतात का?"

तो कानापर्यंत लाल झाला. मग ओळख दिली – सरकारी कवितातपासनीस! 'स्वातंत्र्य' लिहायला बंदी आल्यापासून कवी 'प्रिये' लिहू लागले होते. तेव्हा प्रत्येक प्रेमकविता वाचून 'बाई की देश?' हे ठरवायचं, देश निघाला तर कापायचा, ही याची नोकरी. आम्ही त्याचं नाव कात्री ठेवलं.

कात्री रोज येऊ लागला. बूट वाजले की माझे हात गार पडायचे. भीतीने... निदान निम्मे तरी.

"खिळ्यांवरची अक्षरं तुम्ही उलटी वाचता. माणसंही उलटीच वाचता?"

"हो ना. तुम्ही मला चांगले दिसताय, यावरून काय ते समजा."

"हनुवटीला शाई लागलीय तुमच्या."

"पुसू?"

"नको... म्हणजे, सरकारची हरकत नाही."

मग घोटाळा झाला. कात्रीला हल्ली सगळ्याच प्रिया बायका वाटू लागल्या. कविता धडाधड सुटू लागल्या. वरच्यांना संशय आला, आणि त्यांनी छापखान्यात एक हवालदार आणून बसवला – माझ्या अगदी समोर. तो दिवसभर माझ्या खोक्याकडे बघत शेंगदाणे खायचा. मी श्वासही हप्त्याहप्त्याने घ्यायचे.

एका दुपारी कात्री माझ्याजवळ वाकला आणि यंत्राच्या खडखडाटात हळूच म्हणाला,

"पुसू नको गं हनुवटीवरचा ठिपका काळा,
तुझ्याच वाटेकडे लागला माझा डोळा..."

आणि यंत्र नेमकं तेव्हाच बंद पडलं.

हवालदार उठला. "कुणाच्या वाटेकडे?"

"आणि एकच डोळा? दुसरा कुठाय?" तो माझ्यासमोर येऊन थांबला. "बाई की देश?"

बाई म्हटलं, की चौकशीला मला उभं करणार. मी उठले, की खोकं उघडणार. मी खोक्याची कड घट्ट धरली, तर आतले खिळे वाजू लागले. कात्रीने माझ्याकडे पाहिलं. मग खोक्याकडे. मग परत माझ्याकडे...

"देश," तो म्हणाला.

सगळे कवी देशाला बाईच्या आड लपवत होते. या शहाण्याने बाईला देशाच्या आड लपवलं.

त्याला नेलं. दाराशी तो क्षणभर थांबला. "कंबर सांभाळा," एवढंच म्हणाला.

ती ओळ त्याच्या आधी रस्त्यावर पोचली. लोक ती गात मार खाऊ लागले, तुरुंगात जाऊ लागले. मी मात्र बुटांच्या दर आवाजाला दचकत त्याच खोक्यावर बसून राहिले – थेट परके जाईपर्यंत. आता पहिलं वाक्य वाचायला हरकत नाही.

पण त्याची ती ठिपक्याची कविता राष्ट्रगीत झाली. ठिपका म्हणजे गुलामीचा डाग, असं विद्वान सांगतात. नवरा घरात माझ्यासाठी गुणगुणायला लागला, की सासूबाई झाडू टाकून ताठ उभ्या राहतात. मग मलाही उठावं लागतं.

सबब, नव्या सरकारास विनंती की, सदर ठिपका अर्जदाराच्या खाजगी मालकीचा असल्याने तो राष्ट्राने परत करावा. ते शक्य नसल्यास, पती सदर गीत गुणगुणत असताना अर्जदारास बसून राहण्याची परवानगी मिळावी. बसून राहण्याचा अर्जदारास पूर्वानुभव आहे.